सावकाशताईंविरुद्धची तिसरी तक्रार

अँब्युलन्सच्या तळावर त्यांना सगळे सावकाशताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याही ओ देत. टोपणनावावर रागवायला जो चपळपणा लागतो तो बाईंच्या अंगातच नाही, असं तळावरच्यांचं मत होतं. ते मत अर्धवट होतं. बाईंची बोटं चपळ होती. घामाघूम, थरथरत्या हातातली शीर त्या अशी शोधत, की पेशंटचं ‘आई गं’ सुई आत गेल्यानंतर यायचं. नजरही चपळ होती. फक्त पाय धावत नसत. गाडी थांबली की त्या उतरत, बॅग खांद्याला अडकवत, एकवार चौफेर पाहत आणि चालू लागत. ढांगा लांब असत. पण चालणं ते चालणंच.

याचं मूळ त्यांच्या प्रशिक्षणात होतं. तिथले एक म्हातारे मास्तर सांगत, “धावत गेलेल्या माणसाला पोचल्यावर आधी स्वतःलाच ऑक्सिजन लावावा लागतो. आणि सांडलेलं तेल, लोंबणारी वायर आणि पेशंटचा कुत्रा धावणाऱ्याला कधीच दिसत नाहीत.” वर्गातल्या बाकीच्यांनी हे वाक्य परीक्षेत लिहिलं आणि मग ते विसरले. सावकाशताई परीक्षेत लिहायला विसरल्या आणि पुढे जन्मभर पाळत राहिल्या.

पेशंटांची याबद्दल काही तक्रार नव्हती. पेशंट बहुधा आडवा असतो आणि त्याला इतर उद्योग असतात. तक्रार नातेवाइकांची होती. पहिली आली एका भांडीवाल्या दुकानदाराकडून. त्याचे काका गल्ल्यावर बसल्या बसल्या कोसळले, सावकाशताई चालत आल्या, त्यांनी काकांना शुद्धीवर आणलं, इस्पितळात पोचवलं, आणि आठवडाभरात काका पुन्हा गल्ल्यावर बसून पुतण्यावर ओरडू लागले. म्हणजे काका वाचले, पण पुतण्याच्या भावना वाचल्या नाहीत. ‘सदर बाई बागेत फिरायला आल्यासारख्या चालत होत्या,’ असं त्याने लिहून दिलं. दुसरी तक्रार एका सोसायटीच्या सेक्रेटरीची. त्याने चालण्याचा व्हिडिओच जोडला होता. त्यात सावकाशताईंच्या मागे दोन माणसं धावताना आणि एकमेकांवर आपटताना दिसत होती; पण त्यांच्याविरुद्ध सेक्रेटरीला काही म्हणायचं नव्हतं.

अधीक्षकसाहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांच्या टेबलावर फोन फार होते.

“ताई, थोडं पळत जा ना.”

“कशासाठी, साहेब?”

“पेशंटसाठी नाही हो, ते मला कळतं. लोकांसाठी. तत्परता नुसती असून भागत नाही, दिसली पाहिजे.”

“पळत गेले तर हात थरथरतात. मग सुई नीट लागत नाही.”

“सुई कोण बघतं? पाय सगळे बघतात.” साहेबांनी सुस्कारा सोडला. “हे बघा, नियम माझ्या हातात नाही. तिसरी तक्रार आली की तुमची बदली भांडारात.”

भांडार तळघरात होतं. तिथला भांडारपाल बँडेजचे गठ्ठे मोजायचा, आणि मोजून झाले की बेरीज बरोबर आहे का हे पाहायला पुन्हा मोजायचा. ऊन कसं असतं हे तो वरून येणाऱ्यांना विचारून घेत असे, असं तळावरचे म्हणत. सावकाशताईंना आयुष्यात एकच काम मनापासून आवडलं होतं, आणि ते अनोळखी दारात उभं राहून ‘काय होतंय?’ असं विचारण्याचं होतं. बँडेजांना काही होत नसतं.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं, ती चूक झाली. कारण घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे सासरे. ते पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी लोकांच्या तक्रारी घेतल्या, आणि निवृत्त झाल्यावर सव्याज परत करायला सुरुवात केली. रस्त्यावरचा दिवा, बागेतलं बाक, वाचनालयातला पंखा, कोणीही त्यांच्या पत्रांतून सुटलं नव्हतं. सकाळी वाचनालयात जायचं, सगळी वर्तमानपत्रं वाचायची, आणि संताप ताजा असतानाच तिथेच बसून पत्र लिहायचं, हा त्यांचा नेम.

“लोकांचं बरोबर आहे,” अप्पा म्हणाले. “मी असतो तर मीही तक्रार केली असती.”

“अहो अप्पा, तुमची सून आहे ती,” नवरा म्हणाला.

“म्हणून तर! कर्तव्यात नातं आणायचं नाही. आणलं की काय होतं, सांगू? आमच्याकडे एका गळक्या नळाविरुद्ध तीन तक्रारी आल्या. तिसरी निघाली खुद्द फिटरच्या मेव्हण्याची. नातेवाइकाची तक्रार नियमाने फेटाळावी लागते. आणि तिसरी फेटाळली की फाइल बंद! पहिल्या दोघी बिचाऱ्या धडधाकट, पण त्याही तिच्यासोबत सती गेल्या. पुन्हा एकपासून मोजणी. नळ अजून गळतोय. हाच नियम सगळ्या खात्यांना आहे, तुमच्या खात्यालासुद्धा.”

“अप्पा, चहा घ्या,” सावकाशताई म्हणाल्या. नळाची गोष्ट त्या लग्न होऊन आल्यापासून ऐकत होत्या.

उपाय सुचला तो तुफानला. तुफान म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. वय पन्नाशीकडे, पोट स्टिअरिंगपर्यंत. गाडी तो अशी जपून हाकायचा, की मागच्या पेशंटला झोप लागावी. त्याला तुफान का म्हणत हे कोणालाच आठवत नव्हतं. बहुधा नाव ठेवणाऱ्याला त्याच्या गाडीतून कुठेतरी वेळेवर पोचायचं असावं.

“ताई,” तो टायरवर लाथ मारून हवा तपासत म्हणाला, “लोकांना पळणारा माणूस पाहिजे ना? तो तुम्हीच असलं पाहिजे, असं कुठे लिहिलंय?”

“मग कोण?”

“मी पळतो की! तुम्ही तुमचं काम करा. पळापळीचं खातं माझ्याकडे.”

“दादा, तुम्हाला झेपेल का?”

“झेपायचं काय त्यात? हातात काही घेणारच नाही. रिकामा माणूस जोरात पळतो.”

आणि खरोखर, दुसऱ्या दिवसापासून तुफान पळू लागला. गाडी थांबली की दार धाडकन उघडून तो उडी मारायचा, “बाजूला व्हा! रस्ता द्या!” असं ओरडत पुढे धावायचा, मग काहीतरी विसरल्यासारखा मागे धावायचा आणि पुन्हा पुढे. त्याच्या हातात स्ट्रेचरचा एक सुटा पट्टा असायचा. त्याचा काही उपयोग नव्हता, पण तो फडफडायचा छान. लोकांचे चेहरे बघण्यासारखे होत. कोणीतरी आपल्या माणसासाठी धापा टाकतंय, याने त्यांना जो धीर येई तो कुठल्या औषधाने येत नाही. मागून चालत येणाऱ्या बाईंकडे कोणाचं लक्षच जात नसे.

या पद्धतीत चूक व्हायचीच होती, आणि ती झाली दम्याच्या पेशंटच्या वेळी. इमारतीला दोन जिने होते. तुफानने आवेशात चुकीचा जिना पकडला. तो पळतोय म्हटल्यावर जमलेली सगळी माणसं त्याच्या मागे पळाली: शेजारी, वॉचमन, दूधवाला, पेशंटचे दोन भाचे. ही वरात प्रत्येक मजल्यावरच्या माणसांना सामील करून घेत गच्चीवर पोचली. तिथे एका बाईने वाळत घातलेल्या चादरी होत्या; आजारी कोणी नव्हतं.

इकडे सावकाशताईंनी पाटी वाचली आणि दुसऱ्या जिन्याने चालत वर गेल्या. खोलीत पेशंटबाई आणि त्यांची मुलगी, दोघीच. एरवी अशा खोलीत पंधरा जण उभे राहून पेशंटच्या वाटची हवा घेत ‘हवा येऊ द्या’ म्हणत असतात. आज हवा होती. सावकाशताईंनी खिडकी उघडली, बाईंना पुढे झुकवून बसवलं, मास्क लावला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, “घाई नाही. माझ्याबरोबर सोडा श्वास.” गच्चीवरून मंडळी उतरून येईपर्यंत बाईंचे ओठ निळ्याचे पुन्हा लाल झाले होते. तुफानची अवस्था मात्र बरी नव्हती. शेजाऱ्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, वॉचमनने त्याची नाडी धरली. त्या संध्याकाळी अधीक्षकांच्या कचेरीत फोन आला, की तुमच्या ड्रायव्हरसारखी तळमळीची माणसं आता राहिली नाहीत.

चूक इतकी सोयीची होती, की ती सोडून देणं दोघांच्याही जिवावर आलं. तरी मुद्दाम चुकीच्या जिन्याने जाणं व्यवसायाच्या नीतीत बसेना. म्हणून सावकाशताईंनी त्याला रीत घालून दिली: तुफानने धावत जाऊन लिफ्ट अडवायची, आणि लिफ्ट नसेल तर फाटक मोकळं करायचं. गर्दी आपोआप लिफ्टपाशी नाहीतर फाटकापाशी जाई. महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून तुफानचा फोटो तळावर लागला. फोटोत तो उभा होता, तरी पळतोय असं वाटे.

एका सकाळी फोन आला: वाचनालय, वृद्ध गृहस्थ, छातीत दुखतंय, घाम सुटलाय. सांगणारे ग्रंथपाल पुढे म्हणाले, “रोज येतात हो. पंख्याबद्दल पत्र लिहीत होते.”

सावकाशताई गाडीत चढल्या. त्यांनी पट्टा बांधला. तुफानने आरशातून पाहिलं.

“अप्पा?”

“हं.”

तुफानने त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या नावाला जागून गाडी चालवली. वाचनालयाच्या दारात थांबल्यावर तो हळूच म्हणाला, “ताई, आज पळालात तरी कोणी काही म्हणणार नाही.”

पळावंसं वाटत होतं. पायांना इतकं काही हवंय असं त्यांना यापूर्वी कधी कळलं नव्हतं. त्यांनी बॅग खांद्याला लावली, चौफेर पाहिलं. झाडूवाल्या बाईने पायऱ्या नुकत्याच पुसल्या होत्या, फरशी आरशासारखी चमकत होती. सावकाशताई भिंतीच्या कडेने, कठड्याला धरून, चालत वर गेल्या. वरून तुफानचा आवाज येत होता, “बाजूला व्हा!” आणि त्यावर ग्रंथपालांचा, सवयीने निघालेला, “शांतता राखा!”

अप्पा टेबलाशी बसले होते. चेहरा राखेसारखा, हातात पेन तसंच. त्यांनी सुनेला दारातून टेबलापर्यंत येताना पाहिलं.

“तू... चालत आलीस?”

“हो. बोलू नका. ही गोळी चावून खा.”

“मी इथे मरतोय आणि...”

“मरत नाही आहात. मरणारा माणूस पेन खाली ठेवतो. हात द्या.”

हात दिला. सुई लागली तेव्हा अप्पांना ती कळली नाही. त्यांनी ‘आई गं’ म्हटलं ते सवडीने. सावकाशताईंची बोटं स्थिर होती. ती थरथरली ती इस्पितळात, अप्पांना आत नेल्यानंतर, चहाचा कप धरताना. तुफानने कप काढून घेतला आणि अर्धा चहा ओतून परत दिला, म्हणजे सांडायला नको.

अप्पांच्या हृदयातला अडथळा डॉक्टरांनी त्याच दिवशी काढला. शुद्धीवर नीट आल्यावर अप्पांनी पाणी मागितलं, मग चष्मा, आणि मग कागद.

“कोणाला लिहिताय?” मुलाने विचारलं.

“अँब्युलन्सच्या अधीक्षकांना.”

“आभाराचं?”

“ड्रायव्हरचे आभार. काय पळाला माणूस! बाकी बाई चालत आली. डोळ्यांनी पाहिलंय मी. तक्रार करणार.”

“अप्पा! तिसरी तक्रार म्हणजे काय माहीत आहे ना? भांडार! ज्या बाईने तुमचा जीव...”

“तिने तिचं कर्तव्य केलं, मी माझं करतोय. जा, पोस्टात टाक.”

मुलाने बायकोकडे पाहिलं. सावकाशताई सलाइनचे थेंब पाहत होत्या. “टाका,” त्या म्हणाल्या. “नाही टाकलंत तर ते उठून स्वतः जातील.” आवाज नेहमीचाच होता, पण त्या रात्री त्यांनी घरातलं बँडेजचं खोकं उघडून पाहिलं आणि पुन्हा बंद केलं.

अधीक्षकांनी बोलावलं तेव्हा पत्र त्यांच्या समोर होतं, आणि साहेब त्याच्याकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहत होते.

“ताई, हे गृहस्थ कोण तुमचे?”

“सासरे.”

“ते त्यांनीच लिहिलंय. सहीखाली. ‘तक्रारदाराचे कर्मचाऱ्याशी नाते: सासरा.’ वर अधोरेखित केलंय, तेही दोनदा.” साहेबांनी कपाळ चोळलं. “आता नातेवाइकाची तक्रार मला घेता येत नाही. फेटाळावी लागणार. आणि तिसरी फेटाळली, की...”

“पहिल्या दोन्हीही जातात,” सावकाशताई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं.

“हो ना! फाइल बंद. तुम्हाला कसं ठाऊक?”

“आमच्याकडे एक नळ गळतो,” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या इस्पितळात गेल्या तेव्हा अप्पांना डॉक्टरांनी पहिल्यांदा पलंगावरून उतरवलं होतं. पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं, पण अगदी हळू, असा हुकूम होता. सावकाशताईंनी त्यांचा हात धरला.

“अप्पा, साहेबांनी तुमची तक्रार फेटाळली.”

“अन्याय आहे,” अप्पा समाधानाने म्हणाले. “वर दाद मागीन म्हणतो.”

“तुम्हाला नियम आठवत होता ना?”

“मला काय आठवायचंय? मी तक्रार केली. पुढचं खातं बघेल.” आणि त्यांनी एकदम पाऊल उचललं, दुसरं उचललं, आणि झपाझप पुढे निघाले. समोरून येणारी नर्स दचकून भिंतीला टेकली.

“अप्पा, पळू नका!”

“पळतंय कोण?” अप्पा न थांबता म्हणाले. “लोक बघतायत. तत्परता दाखवतोय.”

सावकाशताईंनी त्यांचा हात सोडला नाही. आणि पावलंही वाढवली नाहीत. त्यामुळे अप्पांना थांबावं लागलं.