धुरपताबाईच्या गाड्यावरची रांग

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेत कॉलेजच्या फाटकासमोर तर्री-पोह्यांचे दोन गाडे आहेत. रस्त्यापलीकडे चंद्रभानचा आणि अलीकडे, माझ्या कुंपणाला लागून, धुरपताबाईचा. पोहे दोघांचे सारखेच, फरक काय तो वर घालायच्या हरभऱ्याच्या तर्रीत. चंद्रभानची लालभडक, कारण तो रंग टाकतो. धुरपताबाईची तपकिरी, पण पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणणारी. तरी कॉलेजचे पोट्टे लांबूनच "फिकी दिसते यार" म्हणत आणि पलीकडे वळत. न खाताच चव ओळखणारी ही हुशार मंडळी पाहून माझं डोकं फिरायचं.

धुरपताबाई मूळची वडनेरची, लग्न होऊन इथे आली. नवरा लवकर गेला. एका वसतिगृहात पोरांचा स्वयंपाक करत तिनं मुलाला, रत्नदीपला शिकवलं. पुढे तिथलं जेवण ठेकेदाराकडे गेलं, तेव्हा घरी बसायचं सोडून तिनं हा गाडा घेतला. बाईचा हात सढळ, आवाज मोठा आणि हसू त्याहून मोठं. पण गाड्यावर गिऱ्हाईक म्हणाल तर मी आणि दोन रिक्षावाले.

रत्नदीपला आता बँकेत नोकरी होती. आई दिवसभर रिकाम्या गाड्याशी उभी दिसली की त्याचा जीव तुटायचा.

"आई, दिवाळीपर्यंत पाहू," एकदा तो म्हणाला. "नाई चालला तर गाडा विकून टाकू. तू आराम कर."

"अन मी काय करू? भिंतीकडे पाहत बसू?"

तोंडानं हसली, पण तिनं धास्ती घेतली होती. हातात झारा नसेल तर आपण कोण, हेच तिला कळेनासं व्हायचं. तसं तिनं मला बोलूनही दाखवलं होतं.

तिच्या सुनेनं, भावनानं तोड काढली. "आई, हे पोट्टे चव नाई पाहत, गर्दी पाहतात. चार जण उभे दिसले का बाकीचे आपोआप येतात. येत्या पौर्णिमेले विहारातल्या बायाच बोलवा न!"

झालं! आश्विन पौर्णिमेला वंदना आटोपून महिला मंडळाच्या सुलोचनाबाई सगळ्या बायकांना घेऊन थेट गाड्यावर आल्या. प्लेटा हातात घेऊन, मोठमोठ्यानं वाहवा करत त्या उभ्या राहिल्या. एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. सगळ्याजणी विहारातून आलेल्या, म्हणून सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या साड्या. पौर्णिमेच्या दिवशी पांढऱ्या साड्यांतल्या बाया आणि मध्ये वाफाळतं पातेलं दिसलं, की तिथे भोजनदान आहे हे वर्ध्याकडच्या पोराला सांगावं लागत नाही.

पोरं आली. एकामागे एक शिस्तीत उभी राहिली. रांग बघता बघता फाटकापर्यंत गेली. पहिल्या पोरानं प्लेट पुढे केली आणि विचारलं, "मावशी, दान इथंच आहे न?"

सुलोचनाबाई धुरपताबाईच्या कानाशी कुजबुजल्या, "सांग न बाई, विकत हाये म्हून!"

धुरपताबाईनं रांगेवर नजर टाकली. इतकी वर्षं तिनं अशाच रांगेला वाढलं होतं.

"प्लेट पुढे आल्यावर नाई म्हनू? माह्याच्यानं नाई होत," ती म्हणाली आणि तिनं झारा पातेल्यात घातला.

पोहे संपले, भावनानं घरून आणखी भिजवून आणले, तेही संपले. रत्नदीप गाडीवरून येताना लांबूनच रांग पाहून हरखला. जवळ येऊन सगळा प्रकार ऐकला आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"आई, हा धंदा हाये का दान?"

"आज पौर्णिमा हाये बाबू. धंदा उद्या."

दुसऱ्या दिवशी तिच्याआधी मीच कुंपणाशी येऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं एक मुलगी मैत्रिणींना घेऊन आली.

"आजी, काल इथं केवढी रांग होती! आमचा नंबर लागेपर्यंत संपलंच. म्हणजे भारीच असन न?"

पोरीनं एक घासही खाल्ला नव्हता. कालच्या रांगेवरच तिनं चव ठरवून टाकली होती. मग पोहे खाल्ले, डोळे पुसले आणि आणखी तर्री मागितली. त्या उभ्या दिसल्या म्हणून दुसरे आले, ते दिसले म्हणून तिसरे. आठवड्याभरात गर्दी रस्ता ओलांडून अलीकडे आली. तीच तपकिरी तर्री आता "एकदम घरची" झाली होती. मी मनसोक्त हसलो. राग कधीच पळाला होता.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी रांगेतून पुढे आलेला हात चंद्रभानचा निघाला.

"तुम्ही काऊन रांगेत?" धुरपताबाईनं विचारलं.

"गर्दी दिसली, पाय वळले इकडे," तो ओशाळून म्हणाला. हसता हसता बाईला झारा खाली ठेवावा लागला. चंद्रभाननं घास घेतला, ठसका आवरला आणि म्हणाला, "तुमच्या पोरानं मलेच इचारलं होतं, हा गाडा घेता का म्हून."

धुरपताबाईचं हसू थांबलं. रत्नदीप कामावर जायच्या आधी गाड्यामागे बसून बाह्या दुमडून प्लेटा विसळत होता. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"इचारा त्याले. विकते का आता?"

रत्नदीपनं मान वर केली नाही. "काका," तो म्हणाला, "प्लेटा कमी पडून राह्यल्या. तुमच्याकडल्या रिकाम्या असतीन तर द्या न जरा."

चंद्रभाननं उरलेले पोहे संपवले आणि प्लेटा आणायला रस्ता ओलांडला.