चिंचेचा वास येणारा पैसा

मामी नाणं आधी नाकाला लावायची. चष्मा चढवणं, उलटंपालटं करून बघणं हे सगळं नंतर. वास घेतला की तिचा चेहरा पडायचा आणि ती समोरच्याला विचारायची, “न्हाऊ घातलंत काय याला?”

समोरचा अभिमानानं मान हलवायचा. आमच्याकडे तांब्याची वस्तू चार लोकांत न्यायची तर आधी चिंच लावून लख्ख करतात. मग आजोबांच्या वेळचा पैसा मामीला दाखवायला काळाकुट्ट कसा न्यायचा? म्हणून शहापूर-मुरबाडकडचे लोक तो घासून घासून आणायचे.

“कातडं सोललंत त्याचं,” मामी म्हणायची. “काळा व्हता म्हणून किंमत व्हती. आता नुसतं तांबं.”

शहापूरच्या बाजारात तिचं भांड्यांचं दुकान होतं आणि सगळा बाजारच तिला मामी म्हणायचा. जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घ्यायची आणि बदल्यात स्टीलची नवी द्यायची. मोडीतल्या एखाद्या तांब्याच्या तळाशी कधी भोकाचा पैसा निघायचा, कधी राजाचं तोंड असलेला पाव आणा. भांडी वितळायला जात आणि पैसे मामीच्या लोणच्याच्या बरणीत. कल्याणचा एक व्यापारी अधूनमधून यायचा, तो तिला भाव सांगायचा. हळूहळू गावोगावचे लोक तिच्याकडेच नाणी दाखवायला येऊ लागले.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. एसटीची वाट बघत मी तिच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. कुणाशी काय बोलावं ते मला तेव्हा सुचत नसे, आजही फारसं सुचत नाही. तुम्ही त्या पायरीवर कधी बसला असाल, तर तिनं तुमच्याही हातावर एखादा पैसा ठेवून विचारलं असेल, “सांग गो, हा किती हातांतनं गेला असंल?”

मी पैसा उलटून बघायचे. मग तीच हसायची. “मला पण नाय ठाव.”

मोबाइलवर ते व्हिडिओ यायला लागले आणि मामीची पायरी भरून गेली. जुना पैसा द्या, लाखो रुपये घ्या, असं त्यात सांगायचे. एकदा उंबरमाळीकडचा एक माणूस आला. मामीनं त्याच्या नाण्याचे साठ रुपये सांगितले.

“मोबाइलवर तर दहा लाख म्हणतात.”

“मग मोबाइललाच इक.”

तो रागानं उठला. तिनं त्याला हाताला धरून बसवलं आणि चहा मागवला. ती नेहमी तसंच करायची. समोरचा कितीही आशेनं आलेला असो, एक रुपया वाढवून सांगायची नाही. “भाव खरा सांगायचा आणि वर चहा पाजायचा,” ती मला म्हणाली होती. “नुसता भाव सांगितला तर मानसाला लागतो.”

मग एक दिवस आमच्याच घरी तसल्या व्हिडिओवाल्याचा फोन आला. बाबा मजुरीला जातो. आजीनं लहानपणी त्याच्या करगोट्यात बांधलेला भोकाचा पैसा त्यानं देवाजवळ जपून ठेवला होता. फोनवरच्या माणसानं त्याचे अकरा लाख ठरवले. फक्त आधी दोन हजार रुपये नोंदणीचे भरायचे. घराचे पत्रे गळत होते, ते बदलायला बाबानं पैसे साठवले होते. त्यातलेच द्यायचे त्यानं ठरवलं. त्याला तोंडावर नको म्हणायला माझी जीभ रेटेना. मी एवढंच म्हटलं, “आधी मामीला दाखवू.”

मामीनं वास घेतला. “चिंच.”

“मीच घासला,” बाबा म्हणाला.

“चाळीस रुपये.”

“अकरा लाख ठरलेत,” बाबा म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं.

मामीनं मान हलवली. “मग लावा त्याला फोन. सांगा, अकरा लाखातनं तुझे दोन हजार कापून घे.”

बाबानं फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा धरला. तो माणूस गोड बोलत होता. “काका, कंपनीचा नियम आहे, आधी भरावे लागतात.”

“चार कापा,” बाबा म्हणाला.

“तसं नाही चालत, काका.”

“धा हजार कापा. बरं, लाख कापा ना साहेब. बाकीचे द्या.”

फोन कट झाला. बाबानं पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. बाबा अजूनही फोन कानाला धरून उभा होता.

मग तो पायरीवर बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पोरीसमोर येडा ठरलो.”

मामी डबे लावत होती. ती मागं न वळताच बोलली, “तुमी नुसता फोन केलात. मी तर पैसे भरले. पाच हजार. पोराला अजून सांगितलं नाय. तुमी पण कुठं बोलू नका.”

बाबानं मान वर केली. “मामी, तुमी पण?”

“एवढी वर्षं नाणी बघून पण.”

बाबा हसला. चहा प्यायला. एसटीत बसल्यावर म्हणाला, “बिचारी.” त्याच आठवड्यात नवे पत्रे आले. पैसा पुन्हा देवाजवळ गेला.

गेल्या हिवाळ्यात मामी वारली. मी भेटायला गेले तेव्हा तिचा मुलगा दुकानात एकटाच होता. मी तिचं गुपित सांभाळून, अडखळत विचारलं, “मामींना ते नाण्यांचे फोन यायचे का हो?”

“रोज,” तो हसला. “एकाला तर तिनं अर्धा तास बोलत ठेवला. तुझी आई काय करते, तू हे काम करतोस ते तिला ठाऊक आहे का, असं विचारत बसली. शेवटी त्यानंच फोन ठेवला.”

“कधी पैसे वगैरे भरले?”

“आईनं?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “रिक्षावाल्याला पाच रुपये जास्त द्यायची नाही ती. आणि पैशांचे सगळे व्यवहार माझ्याच फोनवरून.”

एसटी येईपर्यंत मी त्याच पायरीवर बसले. चाळीसचे पन्नास न सांगणारी बाई माझ्या बाबासाठी पाच हजारांचं खोटं बोलली होती.

बाबाला मी हे सांगितलेलं नाही. परवा आमच्या शेजाऱ्याचे पैसे असेच एका फोनमुळे गेले. तो आमच्या अंगणात खाली मान घालून बसला होता. घरच्यांना तोंड कसं दाखवू, म्हणत होता. बाबा त्याच्याजवळ सरकला.

“अरे, शहापूरची भांडीवाली मामी पण फसलेली. पाच हजार गेले तिचे. आपन कोन?”

शेजाऱ्यानं मान वर केली. “खरं?”

“सोताच्या तोंडानं सांगितलंन,” बाबा म्हणाला.