चढावरच्या घरचं पाणी

आमचं घर मुकुंदवाडीत, गल्लीच्या चढावर, अगदी शेवटचं. पाणी आलं की आधी उताराची घरं भरायची, मग मधली, आणि आमच्याकडं यायची ती करंगळीएवढी धार. त्या धारेपाशी बसून माझ्या बायकोनं उणीपुरी चाळीस वर्षं काढली. आणि गंमत बघा, पाणी सोडणारा माणूस मीच होतो.

माझा जन्म निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरचा. बापाची कोरडवाहू जमीन चार भावांत काय पुरणार, म्हणून शहरात आलो आणि पाण्याच्या खात्यात चिकटलो. सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधायची, रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि ज्या गल्लीची पाळी असेल तिला पाणी सोडायचं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाय. कधी तिसऱ्या दिवशी, कधी पाचव्या, उन्हाळ्यात त्याहून लांब. शहराचं नाव बदललं, पाळी काय सुटली नाय. लोक मला चावीवाला म्हणायचे. पाणी आलं तर देवाची कृपा, नाय आलं तर चावीवाल्याची हरामखोरी! शिव्या खाऊन माझी कातडी निबर झाली होती. पण मी कामावर असताना त्याच शिव्या माझी बायको दारात उभी राहून खायची, आणि भांडायला आलेल्या बाईला वर चहा पाजायची.

लोक चोरून नळाला मोटर लावायचे आणि पाणी ओढून घ्यायचे. त्या मोटरी काढून आणायचं काम माझ्याकडंच, म्हणून आमच्या घरी मोटर कधी आलीच नाय. पाण्याआधी नळातून हवा सुटते, फुस्स करून. तेवढा आवाज आला की ती हातातलं टाकून उठायची. जेवणाच्या ताटावरून उठायची, तापातून उठायची, लेकराला पाजत असली तरी त्याला तसंच काखेत मारून उठायची. नळाला धुतलेलं फडकं बांधायचं, मग पिण्याचा माठ भरायचा, मग हंडे, मग पत्र्याचं मोठं टिपाड. टिपाडातलं उरलेलं जुनं पाणी दारच्या शेवग्याला. सुना आल्या, नातवंडं झाली, तरी फडकं तीच बांधणार. "तुम्ही घाई करता, सगळा गाळ येतो," असं म्हणून सगळ्यांना बाजूला सारायची.

तिनं माझ्याकडं लुगडं मागितलं नाय, सोन्याचा डाग मागितला नाय. एकदाच एक मागितलं. थोरल्या लेकीचं लगीन होतं. हळदीच्या दिवशी दुपारीच टिपाड तळाला गेलं. गावाकडची माणसं येऊन उतरली होती, आणि पाळी दुसऱ्या दिवशी. ती पदराला हात पुसत माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, उद्याचं पाणी आज सोडा ना. एक तास. गल्लीतल्या बायकाच म्हणताहेत."

"गल्ली आज म्हणंल आणि उद्या बोलंल," मी म्हणालो. "चावीवाल्याच्या घरी लगीन म्हणून पाणी आलं, असं मला ऐकायचं नाय."

"लेकीचं लगीन आहे हो."

"असू दे."

एवढंच बोलणं झालं. तिनं दोघी जावांना घेतलं, हंडे उचलले आणि स्टेशनाकडच्या हापशावर गेली. हापशाला ही गर्दी. इकडं नवरदेवाची उष्टी हळद आली, म्हाताऱ्या माणसांनी उरकून घ्या, उरकून घ्या चालवलं, बायकांनी गाणी म्हटली आणि माझ्या पोरीला हळद लागली. तिची आई डोक्यावर हंडा घेऊन दारात आली तेव्हा वाटी खरवडून ठेवलेली. तिनं हंडा उतरवला, वाटीच्या कडेला राहिलेली हळद अंगठ्यानं पुसली आणि पोरीच्या गालाला लावली. पोरगी माझ्याकडं बघत होती. मी नजर चुकवून मांडवाची दोरी आवळायला गेलो. मोठा इमानदार!

बरं, तिनं भांडावं की नाय? एक शब्द बोलली नाय. पुढं नात मोठी झाली, तिनं एकदा जेवताना विचारलं, "आजी, आजोबांनी तुझ्यासाठी कधी पाणी सोडलं का गं?" तशी ती हसली. "तुझ्या आज्यानं? लई सरळ माणूस हाये बाई. त्यांची बायको बुडत असती ना, तरी विचारलं असतं, पाळी कुणाची हाये?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हळदीच्या दिवसाची माफी मागावी असं कितीदा मनात आलं. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो. नोकरी संपली, गुडघे गेले, तरी बोललो नाय.

शेवटचे दोन महिने ती अंथरुणालाच होती. तेव्हाही फुस्स झालं की कोपरावर जोर देऊन उठू बघायची आणि सुनेला हाक मारायची, "फडकं बांधलं का गं?"

एका सकाळी ती गेली. माणसं जमली. न्यायच्या आधी आंघोळ घालायची, तर टिपाडात गाळ तेवढा उरलेला. धाकटा पोरगा म्हणाला, टँकर मागवतो. थोरली आईच्या उशाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "जन्मभर तिनं पाणी भरलं, आणि तिला टँकरचं पाणी घालता व्हय रे?"

हल्लीचा चावीवाला भेटायला आला होता. तो माझ्याजवळ वाकला. "काका, तुमची पाळी उद्या आहे. तुम्ही म्हणाल तर आत्ता सोडतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. थोरलीही बघत होती, हळदीच्या दिवशी बघत होती तशीच. मी लई थकलो होतो. कुणाचं इमान न् कुणाची गल्ली!

"सोड बाबा," मी म्हणालो.

तो गेला. थोड्या वेळानं नळ फुस्स झाला. गल्लीतल्या बायका सवयीनं हंडे घेऊन धावल्या आणि दारादारांत थांबल्या. एकीनंही नळ उघडला नाय. एकाही घरात मोटर चालू झाली नाय. सगळं पाणी चढावर आलं. मनगटाएवढी धार. आमच्या नळाला एवढं पाणी मी कधी बघितलं नव्हतं.

फडकं दोरीवर वाळत होतं. मी ते घेतलं आणि नळाला बांधायला लागलो. गाठ बसेना. पाणी माझ्या धोतरावर उडायला लागलं. मी सवयीनं खोलीकडं वळलो आणि ओरडलो, "अगं ऊठ की, पाणी आलंय!"

आतून थोरली उठून आली आणि तिनं माझ्या हातातून फडकं घेतलं.