विठाबाई आणि वलगणीचे मासे

बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या विठाबाई जामघरे राज्याच्या सल्लागार समितीवर गेल्या तेव्हा गावात सगळ्यांत जास्त नवल त्यांनाच वाटलं. समिती मच्छीमारीची आणि किनाऱ्याची. बदलापूरला समुद्र नाही, हे त्यांनी नेमणुकीचं सांगायला आलेल्या साहेबांना सांगूनही पाहिलं. साहेब म्हणाले, "नदीवाल्यांचंही कोणीतरी बोलायला पाहिजे ना." विठाबाई गावच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष होत्या, त्यामुळे त्यांचंच नाव गेलं.

लग्न होऊन त्या सोनिवलीत आल्या तेव्हा सासरी भातशेती होती आणि उल्हास नदीत जाळं होतं. पुढे शेतांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, नदी तेवढी राहिली. नवरा बाळाजी सकाळी नदीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा आणि मिळेल ती मासळी घेऊन विठाबाई अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारात बसायच्या. नदीची मासळी कमी पडायला लागली तशा त्या पाटीत बोंबील, मांदेलीही ठेवू लागल्या. बाई बोलकी, गिऱ्हाइकाला शब्दाने बांधून ठेवणारी. पण समितीच्या पहिल्या बैठकीत त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. ट्रॉलर, खारफुटी, बंदरं, सगळी चर्चा खाऱ्या पाण्याची. त्यांनी चहा प्यायला आणि घरी आल्या.

समितीत एकच चेहरा ओळखीचा निघाला. नीलिमा देव, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, अंबरनाथ पश्चिमेलाच राहायच्या आणि विठाबाईंकडून मासळी घ्यायच्या. घासाघीस भरपूर करायच्या. पुढच्या बैठकीपासून दोघी नीलिमाताईंच्या गाडीतून एकत्र जायला लागल्या.

नदीचा विषय अखेर निघाला तो नीलिमाताईंमुळेच. नदीतले मासे झपाट्याने घटताहेत, तेव्हा नदीवरच्या बंधाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे सोनिवलीच्या बाजूला, काही वर्षं जाळं पूर्ण बंद करावं, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. अध्यक्षांनी विचारलं, "विठाबाई, तुमचं काय म्हणणं?"

विठाबाईंच्या डोळ्यांपुढे बाळाजी उभा राहिला, नदीकाठी, रिकाम्या हाताने. काय बोलावं ते सुचेना. अंतिम निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ, असं अध्यक्ष म्हणाले.

गावात मात्र बातमी पोचली ती अशी, की विठाबाईंनी नदी बंद करायला मान डोलावली.

कोंडाजी, बाळाजीचे चुलते, नदीवरचे सगळ्यांत जुने मच्छीमार. ते अंगणात आले, बसले नाहीत.

"विठे, तू आता तिकरची, साहेबांची झाली," ते म्हणाले.

"काका, मी काय बोललेच नाय तिथं."

"तेच सांगतो. बोलायला पाठवली व्हती ना?"

बाजारात शेजारी बसणारी गोजरबाई, नात्याने जाऊच, आपली पाटी उचलून पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. मुलगा जितेश अंबरनाथच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, "आई, रिझाइन कर ना. कशाला फालतूचं टेन्शन?"

"मी उठले तर नदीचं कोण बोलंल?"

"आता तरी कुठे कोण बोलतंय?" जितेश म्हणाला, आणि मग त्यालाच वाईट वाटलं.

विठाबाईंना घास गोड लागेना. गावाला सांगता येत नव्हतं ते असं, की नीलिमाताईंचं निम्मं म्हणणं त्यांना पटत होतं. पावसाने जोर धरला की वलगण लागते. गाभोळीने भरलेले मासे अंडी घालायला नदीतून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात चढतात, आणि त्याच वेळी सगळा गाव जाळी घेऊन ओहोळात उभा राहतो. तो सणच. विठाबाईंचं माहेरचं लहानपणही त्या गाभोळीच्या चवीवर गेलं होतं. पण चढणारा प्रत्येक मासा पाटीत आला तर नदीत उरणार काय? हे बोलायचं म्हणजे गावाला सण सोडा म्हणायचं. आणि काही वर्षं जाळं पूर्ण बंद म्हणजे गावाच्या पोटावर पाय.

शेवटी त्यांनी नीलिमाताईंना फोन केला. "मॅडम, पुढच्या मीटिंगच्या आधी एकदा गावाला या. वलगण लागली की कळवते."

वलगण लागली तशा नीलिमाताई आल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून ओहोळाच्या काठी उभ्या राहिल्या. कोंडाजी कमरेइतक्या पाण्यात जाळं धरून होते. त्यांनी दोघींकडे पाहिलं नाही. मासे वर चढत होते. थोडं पुढे गेल्यावर नव्या संकुलाची भिंत होती आणि तिच्याखाली ओहोळासाठी ठेवलेली मोरी गाळाने बुजलेली. मासे तिथे धडका मारत, परत फिरत आणि फिरताना कोंडाजींच्या जाळ्यात येत.

"बाबा, आधी हे कुठवर जायचे?" नीलिमाताईंनी विचारलं.

कोंडाजींनी भिंतीपलीकडच्या पार्किंगकडे हात केला. "ते गाड्या लावतात ना, तिथं आमचा भात व्हता. त्यात पिल्लं खेळायची."

"भिंत आहे," नीलिमाताई म्हणाल्या, "आणि जाळंही आहे. दोन्ही आहे, बाबा."

कोंडाजींच्या हातात मोठा शिवडा मासा होता, पोट गाभोळीने टम्म फुगलेलं. विठाबाईंना वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"काका, मोरी उघडायला मी समितीत भांडते. बाकी साल नदी आपलीच राहील, त्यासाठीपण भांडते. पण वलगणीत आडवं जाळं आपणच बंद करू. ह्याच्या पोटात पुढच्या सालची पाटी हाय."

काठावर गावातले बाकीचेही जाळी घेऊन उभे होते. गोजरबाई तोंड फिरवून उभी होती.

"हा मी खानार," कोंडाजी म्हणाले आणि शिवडा घेऊन वर आले. चार पावलं जाऊन थांबले. "पुढच्या सालचं बघू."

त्या संध्याकाळी देवळात गाव जमला. विठाबाईंना वाटलं होतं, आज आपल्याला खडसावतील. पण आधी कोंडाजीच उठले. "वलगणीला आडवं जाळं नको," ते म्हणाले. "बाकीच्या टायमाला नदी सोडायची नाय. विठा बोलंल तसं. पण ह्या टायमाला तिथं बोल गो बाय, गप बसू नको." कोणीतरी हसलं. विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडताहेत की हसताहेत ते बाळाजीलाही कळलं नाही.

बैठकीत नीलिमाताईंनी आपला जुना प्रस्ताव स्वतःच मागे घेतला आणि नवा मांडायला विठाबाईंना सांगितलं. विठाबाई उभ्या राहिल्या. बसून बोललं तरी चालतं, असं अध्यक्ष म्हणाले, तरी त्या उभ्याच राहिल्या. वलगणीच्या काळात ओहोळ आणि डोह बंद, बाकी वर्ष संस्थेच्या लोकांना हाताची जाळी चालू, आणि बुजलेल्या मोऱ्या उघडाव्यात. एवढं त्यांनी बोलून टाकलं. रत्नागिरीकडचे एक होडीवाले सदस्य म्हणाले, "यात नवीन काय? आम्ही नाही का पावसाळ्यात होड्या ओढून ठेवत? नारळी पुनवेपर्यंत समुद्राला हात लावत नाही. नदीला पण बाळंतपण आहे की." कोणी विरोध केला नाही.

बाहेर आल्यावर विठाबाईंनी बाळाजीला फोन लावला.

"झालं," त्या म्हणाल्या.

"बरं झालं," बाळाजी म्हणाला. "मंग भात टाकू का तुज्यासाठी?"

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांना अशी गाढ झोप लागली की अंबरनाथ कधी मागे पडलं ते कळलंच नाही. नीलिमाताईंनी उठवलं नाही, थेट सोनिवलीपर्यंत सोडलं.

समितीचं काम सल्ला द्यायचं. त्यावर हुकूम निघायला पुढचा उन्हाळा लागला. मोरीतला गाळ त्याहूनही उशिरा, पावसाच्या तोंडावर निघाला. पण निघाला. विठाबाई अजून समितीवर आहेत आणि हल्ली खारफुटीवरही मत देतात. गोजरबाई म्हणते, "आता हिला गप कोन करील?"