हवामास्तर आणि कारचा टायर

माझ्या वडिलांना सगळा रस्ता हवामास्तर म्हणायचा. नुसती हवा भरायला आलेल्या माणसालाही ते धडा दिल्याशिवाय सोडत नसत. "अहो, तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकते तुमच्या टायरची. बाकीची सगळी गाडी हवेतच असते," असं सुरू व्हायचं, आणि कामावर निघालेली माणसं एक पाय जमिनीवर टेकून, घड्याळाकडे बघत, मान डोलावत उभी राहायची. हवा फुकट होती, त्यामुळे भाषणही चालवून घेत असावेत. मी त्यांची मुलगी, त्यामुळे मला ते जेवतानाही ऐकावं लागायचं.

दुकान म्हणजे चौकाच्या कोपऱ्यावरची एक खोली. भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या ट्यूबा, पंक्चर शोधायला पाण्याचा टब, दर दहा मिनिटांनी खोकल्याची उबळ आल्यासारखा सुरू होणारा कॉम्प्रेसर, आणि एक लाकडी स्टूल, ज्यावर बाबा सोडून कुणी बसायचं नाही. तिथे फक्त मोटारसायकलींचं काम व्हायचं. कारवाला चुकून आलाच तर बाबा त्याला अगदी गोड आवाजात समोरच्या गल्लीतला पत्ता सांगत.

त्यांची एक खास सवय होती. जुना टायर उतरवला की ते डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे आणि मालकाचा स्वभाव सांगायचे. मोटारसायकलचा टायर गोल असतो. वळणावर गाडी कलते तेव्हा ती त्याच्या कडेवर चालते. त्यामुळे कुठे किती झीज झाली यावरून माणूस कसा चालवतो ते कळतं. "मधोमध घासलाय आणि कडेचे नवेपणीचे रबराचे केस अजून तसेच आहेत. म्हणजे घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. वळण दिसलं की तुमच्या पोटात गोळा येतो, खरं की नाही?" असं ते एका कारकुनाला चारचौघांत म्हणाले होते. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. पुढच्या वेळीही तो आमच्याकडेच आला, याचं मला अजून नवल वाटतं.

सगळ्यात सुंदर टायर असायचा आतोबांचा. आतोबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. वर्षभर मान खाली घालून काम, आणि वर्षातून एकदा तीन आठवडे ते आणि माझी आत्या त्यांच्या थोराड मोटारसायकलवर लांबच्या सफरीला जात. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे तंबू, आणि पेट्यांच्या मध्ये चपखल बसलेली आत्या. परत आले की सामान उतरवण्याआधी गाडी दुकानाशी यायची. बाबा मागच्या टायरवर हात फिरवायचे, आणि तो या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा झिजलेला असायचा.

"याचं श्रेय तुम्हाला नाही हं," बाबा आतोबांना म्हणायचे. "माझी बहीण मागे बसून झुकते, म्हणून."

ते खोटं नव्हतं. आत्या एकोणीस वर्षांची असताना बाबांनीच तिला आपल्या गाडीवर मागे बसवून शिकवलं होतं, की वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, मग अंग आपोआप जातं. मागे बसणारी बहुतेक माणसं वळणावर घाबरून ताठ होतात आणि चालवणाऱ्याचे हाल करतात. आत्या मात्र अशी कलायची की आतोबांना मागे कुणी आहे हेच विसरायला व्हायचं. मी लहानपणी त्या दोघांना चौकातून वळताना बघायची आणि मला वाटायचं, लग्न म्हणजे हेच असणार. पुढे माझं लग्न झालं आणि बरंच वेगळं निघालं, पण तो विषय नको.

भांडण झालं ते कारच्या टायरवरून. आतोबांना कुणीतरी सफरीत सांगितलं, की मागच्या चाकाला कारचा टायर बसवला तर तो तिप्पट टिकतो, ओझंही जास्त पेलतो. बरेच लोक बसवतात. आतोबांनी येऊन मोठ्या उत्साहाने हे बाबांना सांगितलं. बाबांचा पारा असा चढला की कॉम्प्रेसरचा आवाजही ऐकू येईना.

"तो टायर चपटा असतो. चार चाकांच्या गाडीला कलायचं नसतं, म्हणून तो तसा बनवलेला असतो. आणि तुमच्या रिमची कड वेगळी, त्याची कड वेगळी. उद्या निसटला तर?"

"दादा, लोक हजारो मैल जातात हो."

"लोक काय वाटेल ते करतात. माझी बहीण मागे बसते. मी बसवणार नाही."

आतोबा तसे मऊ, पण त्या दिवशी तेही हट्टाला पेटले. त्यांनी दुसरीकडे जाऊन टायर बसवून घेतला आणि सफरीला निघून गेले. बाबा तीन आठवडे धड जेवले नाहीत. आई म्हणाली, "एवढा जीव तुटतोय तर फोन करा." तर म्हणाले, "माझा जीव बिव काही तुटत नाही." आणि गंमत म्हणजे काहीही झालं नाही. दोघं खुशाल परत आले, टायर नव्यासारखा दिसत होता. बाबांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. दोन वर्षं ते आतोबांशी बोलले नाहीत. घरातल्या कार्यात दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसायचे आणि मध्ये मला बसवायचे.

ते मिटवलं आत्यानेच. एक दिवस ती एकटी दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, गोल टायर बसवून दे. हा सरळ रस्त्यावर ठीक आहे रे, पण वळणावर गाडी माझ्याशी भांडते. मी झुकायला गेले की ती उभी राहते. मजाच गेली सगळी." बाबांनी लगेच टायर काढायची टामी उचलली. आतोबा बाहेर फुटपाथवर उभे होते. बाबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "आत या, ऊन लागेल." झालं, दोन वर्षांचं भांडण संपलं.

पुढची चौदा वर्षं तो टायर गोलच राहिला.

मग आत्याला झटका आला. सकाळी दात घासताना ती बेसिनशी खाली बसली आणि उठताना डावी बाजू तिच्याबरोबर उठली नाही. दवाखान्यातून घरी आली तेव्हा बोलणं जड झालं होतं, पण डोकं लख्ख होतं. चालता यायचं, काठी घेऊन, भिंत धरून. मागच्या सीटवर बसणं मात्र संपलं. डावा हात आतोबांच्या कमरेला धरू शकत नव्हता आणि अंग स्वतःला सावरू शकत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की पुन्हा झटका येऊ शकतो, जे करायचं ते फार पुढे ढकलू नका. आत्याला एकच गोष्ट करायची होती. डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्रावर जायचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीला ते तिथे गेले होते.

"कारने नेतो," आतोबा म्हणाले.

"कारमध्ये मला खिडकीतून जग बघावं लागेल. नको," आत्या म्हणाली.

तेव्हा आतोबांनी मोटारसायकलला साइडकार जोडून घेतली. शेजारी तिसऱ्या चाकावरची ती छोटी नाव, आत गादी, पट्टा, पायांना ऊब राहावी म्हणून पांघरूण. मग गाडी टायर बदलायला आमच्याकडे आली.

इथे माझ्या वडिलांनी चूक केली. आयुष्यात टायरबाबत केलेली एकमेव, आणि तीही जाणूनबुजून. साइडकार जोडली की मोटारसायकल कलत नाही. ती तीन चाकांवर कारसारखी उभ्याने वळते. अशा गाडीला गोल टायर काही कामाचा नाही, तिथे चपटा कारचाच टायर हवा. हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? मी त्यांना तसं म्हणालेही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कपाटातून नवाकोरा गोल टायर काढला, साबणाचं पाणी लावलं आणि बसवला. म्हणाले, "ती बरी होईल. मग काढायची ती साइडकार." आतोबांनी मान डोलावली.

दोघं निघाले आणि दहाव्या दिवशी एका ट्रकमध्ये गाडी चढवून परत आले. डोंगर चढायच्या आतच, साइडकारच्या ओढीने फरफटून, टायर मधोमध कापडापर्यंत घासला होता आणि फुटला होता. वेग कमी होता म्हणून निभावलं. आत्याला ट्रकच्या केबिनमध्ये उचलून बसवावं लागलं. घरी आल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मला बाबांचा भयंकर राग आला. माझ्या मनात आलं, की या माणसाचा हट्ट आत्याचा समुद्र खाणार आणि नंतर हाच कोपऱ्यात बसून रडणार. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. आईने मला गप्प केलं, पण बाबांनी मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा आतोबांच्या घरी गेले. मीही गेले, कारण मला ते काय बोलतात यावर भरवसा नव्हता. आत्या खिडकीपाशी खुर्चीत होती. फुटलेला टायर अंगणात भिंतीला टेकून ठेवला होता.

"दादा," ती सावकाश म्हणाली, "टायर बघितलास?"

"बघितला."

"हात फिरवून?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग फिरव. आणि सगळ्यांना सांगतोस तसं मला पण सांग."

ते अंगणात गेले. उकिडवे बसले आणि टायरवरून हात फिरवला. मी त्यांना हजारो टायर वाचताना पाहिलं होतं, पण या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. कडा दोन्ही बाजूंनी कोऱ्या होत्या. रबराचे केससुद्धा तसेच होते.

परत आत येऊन ते म्हणाले, "मागे कुणी बसत नाही, असं टायर म्हणतो."

"मी बसते की. शेजारी बसते," आत्या म्हणाली. "मला जायचंय, दादा. मी बरी होईपर्यंत थांबले तर जायचं राहूनच जाईल."

बाबांनी हाताला लागलेलं काळं रबर पुसलं. मग आतोबांना म्हणाले, "भाऊजी, कारची रिम लागेल. तुमच्या चाकावर मी तो टायर चढवणार नाही, ते आजही नाही."

आतोबा मागच्या खोलीत गेले आणि पोत्यात गुंडाळलेलं एक चाक घेऊन आले. मधला भाग मोटारसायकलचा, बाहेरची रिम कारची. लेथवाल्याकडून दोन महिन्यांपूर्वीच करून घेतलं होतं आणि कपाटामागे लपवून ठेवलं होतं.

"मग आणलं का नाहीत?" बाबा ओरडलेच.

"कसं आणू?" आतोबा म्हणाले. "तुम्ही ती बरी होईल म्हणालात. मला पण तेच ऐकायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वतः समोरच्या गल्लीतून कारचा टायर खांद्यावर घेऊन आले. रस्ताभर लोक बघत होते. पानवाल्याने विचारलंच, "काय हवामास्तर, पक्ष बदलला?" एरवी त्याला अर्धा तास ऐकावं लागलं असतं. बाबांनी नुसतं "हो" म्हटलं आणि कामाला लागले. कड जागेवर बसली की टायर दोनदा ठणकन वाजतो. तसा तो वाजला. मला घासायला, पुसायला काही ठेवलं नाही, सगळं त्यांनी एकट्याने केलं.

दुपारी आत्याला साइडकारमध्ये बसवलं. पट्टा बाबांनीच बांधला. आतोबा म्हणाले, "दादा, चौकाला एक चक्कर मारून बघू. तुम्ही मागे बसा, मागचं चाक तुम्हालाच कळेल."

बाबा त्या गाडीच्या मागच्या सीटवर कधीच बसले नव्हते. ते आत्याच्या जागी बसले. गाडी गेली, चौकाला वळसा घालून परत येऊ लागली, आणि मी दुकानाच्या दारातून बघितलं. गाडी सरळ उभी होती. आतोबा सरळ बसले होते, आत्या शेजारी सरळ बसली होती. आणि माझे वडील एकटेच, आतोबांच्या खांद्यावरून पुढे बघत, वळणाच्या बाजूला पूर्ण झुकले होते.

गाडी दुकानाशी थांबली. आत्या हसत होती. तिचं हसू आता अर्ध्याच चेहऱ्यावर यायचं. "दादा," ती म्हणाली, "सरळ बस ना रे. आता कुणी झुकायचं नाही."

बाबा उतरले. हवा थोडी कमी करायला हवी असं काहीतरी म्हणाले आणि मीटर घेऊन चाकाशी बसले. मीटर त्यांनी लावलंच नाही. त्यांचे खांदे हलत होते. साइडकारमधून वाकून आत्या त्यांच्या पाठीवर उजव्या हाताने थोपटत राहिली, आणि आतोबांनी इंजिन बंद केलं नाही, रस्त्यावर कुणाला काही ऐकू जाऊ नये म्हणून.