कडी नसलेलं दार

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी साडेअकरा. विषय प्रयोगाच्या मैदानाच्या भाड्याची उरलेली रक्कम, एक लाख ऐंशी हजार रुपये. हजर: सुधाकर उजागरे, त्याची पत्नी लीनावहिनी, सुतार गोपभाई आणि मी. जागा उल्हासनगर कॅम्प चारमधलं गोपभाईंचं वर्कशॉप. एवढी नोंद माझ्या वहीत आहे. सुधाकरला स्वतःच्या पायांवर उभं असलेलं मी त्या दिवशी शेवटचं पाहिलं, हे वहीत नाही... तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

आम्ही गेलो होतो ते दार बघायला. नऊ फूट उंच, सहा फूट रुंद, सागाच्या जुन्या फळ्यांचं. सुधाकरच्या संगीत नाटकातल्या नोहाच्या तारवाचं दार. गोपभाईंनी हातातली पट्टी दारावर आपटून विचारलं, "साईं, कडी अंदर से लगाऊँ या बाहर से?" सुधाकर दम लागल्यामुळे स्टुलावर बसला होता. म्हणाला, "कडीच नको." गोपभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "फिर बंद कैसे होगा?" सुधाकर म्हणाला, "आतल्या माणसांनी पाठ लावून उभं राहायचं. कडी लावली की माणूस म्हणतो, मी काय करू, कडी लागलीय." वहिनी हसल्या. मी खर्चातून कडी आणि बिजागऱ्यांचे साडेआठशे वजा केले, मग बिजागऱ्या लागणारच हे लक्षात येऊन त्यांचे पुन्हा धरले.

सुधाकर आणि मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात बावीस वर्षं बरोबर होतो. तो फिटर, मी अकाउंट्सला. त्याचे वडील ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात पेटी वाजवायचे, हा तिथेच गिटार शिकला. पगाराच्या दिवशी माझ्या खिडकीपाशी यायचा आणि विचारायचा, "पाटणकर, तारवात सगळे प्राणी जोडीनं घेतले तर चाळीस दिवसांचा चारा किती लागेल?" मला वाटायचं, गंमत करतोय. एकदा मी खरंच हिशेब मांडून दिला, बैलाला रोजचा वीस किलो वगैरे. तो कागद त्यानं जपून ठेवला. नंतर त्यातून एक गाणं झालं. नोहाचा कोठारवाला पोती मोजत ते म्हणतो आणि मागे दोन गिटार आणि ड्रम. "भजनासारखं नको मला," तो म्हणायचा, "पत्र्यावर गारा पडतात तसं पाहिजे." गोष्ट सगळ्यांना माहीत असते. देव पूर आणतो, नोहा तारू बांधतो, आतले वाचतात. सुधाकरला बाहेरच्यांचं लिहायचं होतं. नऊ वर्षं लिहीत होता. मधल्या काळात कारखाना सुटला, फुप्फुसं गेली, डॉक्टरांनी धूळ टाळा सांगितलं. हा ड्रमचा खोका उचलायला पुढे.

पहिल्या खेपेला त्यानं हे उभं करायचा प्रयत्न केला तेव्हा वर्गणी गोळा करणारा माणूस पैशांसकट गायब झाला होता. दर रविवारी मंदिराच्या पायऱ्यांवर लोक सुधाकरकडे चोराकडे बघावं तसं बघायचे. वर्षभर तो मागच्या बाकावर बसला. दुसऱ्या खेपेला तो सरळ माझ्या घरी, अंबरनाथ पूर्वेला आला. चहा घेता घेता म्हणाला, "तू कंजूस आहेस, शंकेखोर आहेस आणि तुला गाण्यातलं काही कळत नाही. म्हणून खजिनदार तूच." मंडळ काढलं, नियम मी लिहिले. प्रत्येक चेकवर दोन सह्या, त्याची आणि माझी. मंडळाचा खर्च कोणाच्या खासगी खात्यातून करायचा नाही. कोऱ्या चेकवर सही घ्यायची नाही. फुकट पास कोणालाही नाही. त्यानं न वाचता सही केली. मी त्याला वाचायला लावलं. तिकिटं छापून आली तेव्हा पहिलं तिकीट त्यालाच विकलं, दोनशे रुपये. तो म्हणाला, "स्वतःच्या मयताचंही तिकीट काढायला लावशील." मी म्हटलं, पावती देईन.

तालमी रविवारी दुपारी, एका शाळेच्या सभागृहात. बासष्ट माणसं. त्यात बदलापूर मांजर्लीच्या मंगलताई होत्या, पोळीभाजीचे डबे करतात. आवाज मोठा, ताल पक्का. तारवाचं दार बंद झाल्यावर बाहेरची चाळीस माणसं ते ठोठावतात असा प्रसंग होता. सगळे मुठीनं ठोठावत होते. मंगलताई मधेच थांबल्या. "दादा, असं नाय ठोठावत कोणी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पाणी पहिल्या मजल्याला आलं तवा सगळी गच्चीकडं पळाली. गच्चीला कुलूप. चावी सेक्रेटरीकडं, सेक्रेटरी गावाला. आम्ही ताटं वाजवली जाळीवर. मूठ काय ऐकू जाते पाण्यात?" सुधाकरनं विचारलं, "मग उघडलं?" त्या म्हणाल्या, "समोरच्या बिल्डिंगची पोरं शिडी लावून आली. कुलूप शेवटपर्यंत तसंच होतं. सोसायटीचा नियम होता ना, पोरं वर जाऊन दारू पितात म्हणून." पुढच्या रविवारी चाळीसही जणांनी घरून स्टीलची ताटं आणली. त्या दिवशी ते गाणं जसं झालं, तसं मी आयुष्यात काही ऐकलं नाही. मला गाण्यातलं कळत नाही, तरी लिहितो. मी आमच्या सोसायटीचाही खजिनदार आहे. गच्चीची चावी माझ्याकडे असते.

तर १४ डिसेंबर. मैदानाची बाकी सोमवार, २२ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत भरायची होती. त्या रविवारी खात्यात एक लाख एकतीस हजार चारशे होते. तिकिटांचे पैसे गुरुवारी जमा व्हायचे होते. सुधाकरनं चेकबुक मागितलं, दोन कोऱ्या चेकांवर सह्या केल्या आणि म्हणाला, "ठेव. माझा काय भरवसा." मी दोन्ही चेक त्याच्यासमोर फाडले. खात्यात पुरेसे पैसे नसताना रक्कम लिहायची नाही आणि रक्कम न लिहिता सही घ्यायची नाही. गुरुवारी पैसे आले की शुक्रवारी घरी येऊन सही नेतो, म्हटलं. तो वहिनींना म्हणाला, "बघ, ह्याला म्हणतात माणूस." चेष्टा होती की कौतुक, अजून ठरत नाही.

गुरुवारी तिकिटांचे बावन्न हजार आठशे जमा झाले. दोनशे चौसष्ट तिकिटं. एकूण एक लाख चौऱ्याऐंशी हजार दोनशे. शुक्रवारी सकाळी सात वाजता वहिनींचा फोन आला की सुधाकरला श्वास घेता येत नाही, हॉस्पिटलला नेतोय. दुपारी त्याला व्हेंटिलेटर लावला. सोमवारी मी चेकबुक पिशवीत घालून गेलो. आत पाच मिनिटं सोडलं. हात सुजला होता, डोळे मिटलेले. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, द्या इकडे, मी करते सही. एकतीस वर्षं बघतेय, बँकेला काय, त्यांनासुद्धा कळणार नाही." मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या खात्यातून भरा. मागून घ्या." माझ्या खात्यात पैसे होते. किती होते ते सांगतो, चार लाखांच्या वर. नियम क्रमांक दोन. मी मैदानवाल्याला फोन करून दोन दिवस मागितले. तो म्हणाला, "साहेब, माझ्याकडे सोफासेटच्या सेलवाले पैसे घेऊन बसलेत. पाचपर्यंत थांबतो." घड्याळात तीन वीस झाले होते. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिलो. वहिनीही बसून राहिल्या, मधे एक खुर्ची सोडून. पाच वाजले... मग सव्वापाच.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याची नळी काढली. दोन दिवस तो बोलू शकत होता, एकेक शब्द. मला बघून म्हणाला, "मैदान?" वहिनी खुणेनं नको म्हणत होत्या. मला खोटं बोलायची सवय नाही. आता वाटतं, तेवढी एक लावून घ्यायला हवी होती. मी म्हटलं, "गेलं. सही नव्हती." तो छताकडे बघत होता. वाटलं, ऐकू गेलं नाही. मग त्यानं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बोटांनी ठोका धरला, हलका, ताटांच्या गाण्याचा. चार ठोके झाले आणि हात खाली गेला. मी त्याच्या चादरीची घडी नीट केली.

२ जानेवारीला पहाटे तो गेला. पुरायला नेलं तेव्हा मंगलताई ताट घेऊन आल्या होत्या, पण वाजवलं नाही, छातीशी धरून उभ्या होत्या. ज्या शनिवारी प्रयोग व्हायचा होता त्या शनिवारी मी बदलापूरला मैदानावर गेलो. तंबूत ओळीनं सोफे मांडले होते. एका पोरानं विचारलं, "काका, थ्री सीटर की कॉर्नर?" मी थोडा वेळ एका सोफ्यावर बसलो आणि परत आलो. बासष्टांपैकी कोणी मला एक शब्द बोललेलं नाही. माझी बायको म्हणते, तुमचं काय चुकलं, नियम तर सुधाकरभावजींच्यासाठीच केले होते. खरं आहे. मी पुन्हा पुन्हा तपासतो, आणि प्रत्येक वेळी हिशेब बरोबर येतो. याच्याइतकं भयंकर मला दुसरं काही ठाऊक नाही.

मृत्यूचा दाखला दिल्यावर मंडळाच्या खात्यावर सुधाकरच्या जागी लीनावहिनींची सही लागली. बँकेच्या फॉर्मवर त्यांनी 'उजागरे' लिहिलं. उकाराचं वळण, रेघेची शेवटची ओढ, सगळं त्याचंच. क्लार्कनं शिक्का मारून फॉर्म आत टाकला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही.

पहिला चेक गोपभाईंना, बेचाळीस हजार. दार तिथेच आहे, भिंतीला टेकवलेलं. "मैं बेच भी नहीं सकता साईं," ते म्हणतात, "बिना कडी का दरवाजा कौन लेगा?" दर रविवारी साडेअकराला मी तिथे जातो. गोपभाई विचारत नाहीत, स्टूल पुढे करतात. मी त्यावर बसत नाही. ते स्टूल त्याचं आहे.

तिकिटांचे पैसे परत करून झाले. दोनशे त्रेसष्ट जणांनी सही करून नेले. उरलं एक. काल वहिनींकडे गेलो, दोनशेची नोट आणि व्हाउचर पुढे ठेवलं. तिकीट क्रमांक १, सुधाकर उजागरे, रुपये दोनशे फक्त. वहिनींनी सही केली आणि नोट त्याच्या गिटारच्या तारांखाली सरकवून ठेवली.