विकलेली गाडी

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमचे हे चारचौघांत हसत हसत सांगतात. सांगू देत. संशय काही आकाशातून पडत नाही. समोरचा माणूस तो रोज थोडा थोडा भरवतो, मगच तो अंगी लागतो. आमच्या घरात तो मला एका निळ्या, चार दारांच्या गाडीवरून भरवला गेला.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. आम्ही डेट्रॉईटजवळ राहत होतो. हे एका गाड्यांच्या कंपनीत, गंजाच्या खात्यात होते. म्हणजे गाडीचे पत्रे मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचे आणि ते कधी सडतात ते बघत बसायचं. ‘दोन वर्षांत परत जायचं’ असं दरवर्षी म्हणत आम्ही तिथं चांगले मुरलो होतो. मग माझे वडील गेले आणि नाशिकला आई दोन खोल्यांत एकटी उरली. मला ना भाऊ ना बहीण. मी ह्यांच्या मागे लागले, रडले, अबोला धरला. शेवटी ह्यांनी कबूल केलं: पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी घ्यायची, भाड्यानं घर बघायचं, आईला आपल्याकडे आणायचं. कायमचं. हा ‘कायमचं’ शब्द मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला होता.

घरात सेल लावला. सोफा गेला, टीव्ही गेला, मिक्सर गेला. लेकीची सायकल गेली तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. गाडी तेवढी जाईना.

तिला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. सांगलीकडचा एक मुलगा आला होता, एम.एस. करायला आलेला, बिचारा बसनं हिंडून कंटाळलेला. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली, आत बसून स्टिअरिंगवरून हात फिरवला. त्याला ती आवडली होती, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तर हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतायत, “तू आपला म्हणून सांगतो. हिचा गिअरबॉक्स जरा कटकट करतो. हीटरचाही काही भरवसा नाही. शिकायला आलायस, गॅरेजच्या खेपा कशाला घालत बसतोस?”

मी कपबशी हातात घेऊन तशीच उभी. तो गिअरबॉक्स कधी हूं की चूं करत नव्हता. आणि त्या हीटरनं मला ऐन जानेवारीत स्वेटर काढायला लावला होता! मुलगा चहा पिऊन, थँक्यू काकू म्हणून गेला.

“अहो, गाडीत एवढे दोष होते, तर मला नि लेकीला रोज तिच्यातून कसं पाठवत होतात?”

“पोराला फसवायचं का मग?” हे म्हणाले.

प्रामाणिकपणाचा असा झटका ह्यांना त्याआधी कधी आलेला मला आठवत नाही. मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

मग ठरलं असं, म्हणजे ह्यांनी ठरवलं असं, की आत्ता चांगला भाव येत नाही, तर गाडी जवळच्याच नोव्हाय गावी ह्यांच्या मित्राकडे ठेवायची. मित्र म्हणजे कॉलेजपासूनचा, माझा मानलेला भाऊजी. बर्फ सरला की तो विकून टाकेल. त्याचं गॅरेज त्याच्याच गाड्यांनी भरलेलं, म्हणून आमची मागच्या अंगणात, कुंपणाजवळ, उघड्यावर.

आता विकायची गाडी माणूस कशी ठेवतो? धुतो, चावी हातात देतो आणि निघतो. ह्यांनी अख्खा शनिवार घातला. आधी गवतावर फळ्या टाकल्या, जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून. टाकी काठोकाठ भरली, कारण अर्ध्या टाकीत हवेतलं पाणी धरतं. पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात कसलंसं औषध ओतलं. नवं ऑइल घातलं. टायरमध्ये जास्तीची हवा भरली. हँडब्रेक ओढून ठेवला तर धरून बसतो, म्हणून तो सोडून चाकांपुढे ठोकळे लावले. बॅटरी काढून भाऊजींच्या बेसमेंटमध्ये नेली. एक्झॉस्टच्या नळीत उंदीर शिरू नये म्हणून माझी भांड्याची तारेची घासणी कोंबली. सीटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. आणि वरून खोळ, तीही कापडी. प्लास्टिकच्या खोळीत वाफ कोंडते म्हणे.

“हे सगळं त्या पुढच्या गिऱ्हाइकासाठी?” मी विचारलं.

“गंज काही गिऱ्हाईक बघून चढत नाही,” हे खोळीची दोरी आवळत म्हणाले.

माझं लक्ष त्या गोळ्यांवर होतं. शाल पुन्हा पांघरायची असेल तरच माणूस तिच्या घडीत डांबराच्या गोळ्या घालतो. द्यायच्या शालीत कोणी घालत नाही.

ऑक्टोबरात आम्ही आलो. पुण्यात घर लावलं आणि मी आईला आणायला नाशिकला गेले. आई शिवणाची शिक्षिका होती, निवृत्त झालेली. नजर सुईत दोरा ओवणारी, आणि प्रश्नही तसेच. जेवणं झाल्यावर सुपारी कातरत तिनं विचारलं, “तिकडचं सगळं विकलंत?”

“सगळं.”

“गाडी?”

“मित्राकडे आहे. विकणारेत.”

अडकित्ता थांबला. “असं,” आई म्हणाली. “मग गाडी विकलीत की येते.”

मी खूप समजावलं. ती ऐकेना. तिचंही बरोबर होतं. त्या दोन खोल्या जुन्या भाड्याच्या, घरमालक टपून बसलेला. एकदा किल्ली त्याच्या हातात दिली की त्या खोल्या जन्मात परत मिळणार नव्हत्या. आणि नुसत्या खोल्या नव्हेत, समोरच्या काकू होत्या, संध्याकाळचं भजनी मंडळ होतं, हाक मारली की ओ देणारा जिना होता. “जावईबापूंना सांग, मला काही घाई नाही,” ती म्हणाली. मी एकटीच पुण्याला परत आले.

तेव्हापासून मी ह्यांना विचारत राहिले. गाडीचं काय झालं? तर म्हणे तिकडं बर्फ आहे. बर्फ सरला? तर म्हणे आता चिखल आहे, चाकं रुततील. चिखल वाळला? तर म्हणे भाऊजी कामात आहेत. ताकास तूर लागू देतील तर शपथ! माणूस खोटं बोलतोय म्हणावं तर एकही वाक्य धरता येत नव्हतं. मिशिगनमध्ये बर्फ असतो हे मी कोणत्या तोंडानं नाकारणार?

मग एक दिवस फोन झाला. आमच्याकडे फोन नव्हता, खालच्या मजल्यावर होता. ह्यांनी परदेशचा कॉल लावला होता, ‘कंपनीच्या कामासाठी’. तेव्हा अमेरिकेशी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागे. मी भाजी घेऊन जिना चढत होते आणि अख्ख्या जिन्यात ह्यांचा आवाज घुमत होता: “खोळ उडाली नाही ना? अरे, थोडी पुढं ढकल तिला! टायर एकाच जागी चपटे होतात!... नाही नाही, बॅटरी थंडीत ठेवू नकोस!”

विकायचा एक शब्द नाही. आजारी मुलाची चौकशी करावी तशी चौकशी चाललेली.

त्या संध्याकाळी मी ह्यांना स्पष्टच सांगितलं. “तिकडं तुमची गाडी अंगभर पांघरून बसलीय, म्हणून इकडं माझी आई एकटी बसलीय. गाडी विका. नाहीतर मी लेकीला घेऊन नाशिकला राहायला जाते.” हे पेपर उघडून बसले. पण पुढच्याच आठवड्यात घरी आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन.

“विकली!”

“कोणाला?”

“एका विद्यार्थ्याला. नागपूरचा आहे. खूश झाला पोरगा.”

“गिअरबॉक्स कटकट करतो, ते सांगितलं का त्याला?”

हे मोठ्यानं हसले. इतकं मोकळं हसले की मला माझीच लाज वाटली. पाल चुकचुकली नाही असं नाही. नागपूर जरा फारच पटकन आलं होतं. पण मला ते खरं हवं होतं हो! पेढे घेऊन मी दुसऱ्या दिवशी नाशिकची एस.टी. पकडली.

आईनं अर्धा पेढा खाल्ला. “नक्की?”

“नक्की.”

महिन्याभरात आई आली. एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि भजनी मंडळानं दिलेली तांब्याची कळशी. किल्ली घरमालकाला देताना रडली असेल, पण माझ्यासमोर नाही. आल्या आल्या मशीन खिडकीशी लावलं आणि नातीला म्हणाली, “ये, माप घेऊ दे.” लेक तोवर सगळ्यांना इंग्रजीतच उत्तरं द्यायची. आई मराठीत बोलायची, ही इंग्रजीत, आणि दोघींचं छान चालायचं. पावसाळा सुरू होईपर्यंत पोरगी “आजी, मला कंटाळा आला” म्हणायला लागली, आणि तो कंटाळा ऐकूनसुद्धा मला आनंद व्हायचा. सकाळी उठल्यावर आईच्या मशीनचा आवाज यायचा. त्या दिवसांत मी संशय घ्यायचंच विसरून गेले.

ह्यांचं मात्र कारखान्यात बिनसत चाललं होतं. हे म्हणायचे चाचणी पुरी होऊ द्या, साहेब म्हणायचे माल जाऊ द्या. घरी आले की कोचावर डोळे मिटून पडायचे. ग्रीन कार्डचंही होतं; वर्षाच्या आत परत गेलं नाही तर ते हातचं जाणार. आधी म्हणायचे, गेलं तर गेलं. ऑगस्टमध्ये एका रविवारी, वरणभात कालवता कालवता म्हणाले, “वर्ष संपायच्या आत जावं लागेल. जुन्या कंपनीत जागा आहे.”

“तुम्ही विचारलंत कधी त्यांना?”

ह्यांनी भातावर आणखी वरण वाढून घेतलं.

मी भांडले, जेवण टाकलं, सगळं केलं. शेवटी गेलेच. घरात पगार त्यांचा, लेक त्यांचीही, आणि एकटीनं पाय रोवून राहायची माझी छाती नव्हती. आईला चल म्हटलं, तर म्हणाली, “तिकडं येऊन काय करू, बर्फ बघत बसू?” मी पाया पडले तेव्हा तिनं माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला. “जा. ह्या घराचं भाडं भरत राहा म्हणजे झालं.” त्या घरी तिला खालच्या फोनवाल्या मंडळींशिवाय कोणी ओळखत नव्हतं.

डेट्रॉईटच्या विमानतळावर भाऊजी न्यायला येणार होते. आम्ही सामान घेऊन दाराशी उभे होतो. लेक एकदम उड्या मारायला लागली. “मम्मी, लुक! दॅट्स अवर कार!”

आमचीच होती. निळी, धुतलेली, पुसलेली. भाऊजी हसत खाली उतरले. “काय वहिनी, बघा! पहिल्या चावीला सुरू झाली. नंबरप्लेटवरचं नोंदणीचं स्टिकरसुद्धा नवं लावून ठेवलंय.”

“भाऊजी, तुम्हाला विकायला सांगितली होती ना?”

“मला? नाही बुवा.” ते बिचारे गोंधळले. “उलट नीट सांभाळ, म्हणाला. दर फोनला तेच.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बॅगा डिकीत ठेवत होते. कोणती कुठं बसते ते त्यांना पाठ होतं. मग भाऊजींकडून चावी घेऊन स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी मागे बसले, लेकीजवळ. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून येत होता. नोव्हायला पोहोचलो. भाऊजी घर उघडायला उतरल्यावर हे म्हणाले, समोरच्या काचेकडे बघत, आवाज न चढवता:

“आईला आणायचं होतं ना तुला? आली ना ती?”

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. मी लेकीला घेऊन उतरले आणि दार जोरात आपटलं.

भाऊजींकडून पुण्याला फोन लावला, पोहोचलो सांगायला. तिकडं सकाळ झाली होती. खालच्यांनी आईला बोलावून आणलं. तिला धाप लागलेली ऐकू येत होती.

“पोचलात? पोरगी बरी आहे? न्यायला कोण आलं होतं?”

“भाऊजी.”

“कोणाच्या गाडीतून आलात?”

“त्यांच्याच,” मी म्हणाले.

मला वाटलं लाइन कट झाली. मी “हॅलो, हॅलो” केलं.

“आहे, आहे,” ती म्हणाली. “मी काय म्हणते, नाशिकच्या घरमालकांना एक पत्र टाकून बघू का? खोल्या अजून कोणाला दिल्या नसतील, तर.”

त्या खोल्यांत नवं बिऱ्हाड येऊन महिने झाले होते. तिलाही ते माहीत होतं.

“टाकून बघ,” मी म्हटलं.